काटा थांबेना

१

देव्हारा खोक्यात बसवला, चारी बाजूंनी थर्माकोल ठासला, वरून कागदाचे बोळे टाकले, की त्रिशलाबाई आणखी एक काम करीत. झाकणं उघडी ठेवून पुठ्ठ्यावर तीनदा टकटक करायची, "कोण हाय ते बाहेर या," म्हणायचं, आणि पुठ्ठ्याला कान लावून एक णमोकार मंत्र मनात म्हणून होईपर्यंत थांबायचं. मुंगी, झुरळ, पाल, जे कोण चुकून आत राहिलं असेल त्याला निघायला तेवढा वेळ. मग टेप. आपल्या हातून कुठलाही जीव कोंडला जाणार नाही, असा नियमच त्यांनी मागच्या चातुर्मासात जैन साध्वी माताजींकडून घेतला होता.

त्यांचे यजमान कुंथुनाथ चौगुले तहसील कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झाले होते. चेष्टा करायला त्यांच्याकडे आता पूर्ण वेळ होता.

"पालीला मराठी कळतंय का कन्नड, ते आधी बघ की. शिमेवरली पाल हाय."

"तिला भाव कळतोय," त्रिशलाबाई म्हणायच्या. "तुम्हालाच तेवढा कळंना."

दुकान मोबाइलवरचं. पुण्याच्या लेकीनं, दिव्यानं, ते काढून दिलं होतं. निपाणीतला रविराज सुतार देव्हारे करायचा. नक्षी निवडणं, पॉलिश करणं, भरणं त्रिशलाबाईंचं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी एकसष्ट देव्हारे देशभर धाडले होते. घरात भाजी कुठली करायची हेही ज्यांना पूर्वी कुणी विचारत नव्हतं, त्यांना आता इंदूरची बाई फोन करून विचारायची, की ताई, घंटी डावीकडे बरी की उजवीकडे?

अडचण एकच होती, पार्सल मोठं. माल न्यायला कुरिअरचा माणूस यायचा तो मोटारसायकलवर. खोक्याकडं बघायचा, गाडीकडं बघायचा, आणि दोन्हींची समजूत घालता येत नाही असं पाहून निघून जायचा. जाताना फोनमध्ये नोंद करायचा, 'विक्रेता घरी नव्हता.' विक्रेता त्या वेळी त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या घेऊन उभा असायचा. अशा दोन ऑर्डरी रद्द झाल्या. तिसरी झाली तर दुकान कायमचं बंद, असं कंपनीनं इंग्रजीत कळवलं. भाषा अत्यंत नम्र होती. नोकरीतून काढतानाही सरकार इतकं नम्र नसतं.

म्हणून इंदूरला जायचं हे तिसरं खोकं आज संध्याकाळी सहाच्या आत स्वतः नेऊन कुरिअरच्या केंद्रावर द्यायचं ठरलं. भरमाचा छोटा टेम्पो सांगितला होता. तो सकाळी सातला यायचा, तर साडेसहालाच आला. त्रिशलाबाई अभिषेकाला बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, गेल्या होत्या. खोकं भरून तयार होतं, फक्त टेप राहिली होती.

कुंथुनाथांना टकटक आठवली नाही असं नाही. हात उचललाही होता त्यांनी. पण दारात भरमा उभा राहून बघत होता, आणि चौतीस वर्षं लोकांनी ज्याला 'साहेब' म्हटलं त्या माणसाला खोक्याशी बोलताना ओशाळं वाटलं. त्यांनी हात खाली घेतला आणि टेप ओढली. कंपनीची छापील टेप त्या खोक्यावरच संपली.

त्रिशलाबाई आल्या तेव्हा खोकं टेम्पोत चढलं होतं.

"ठोकून बघितलासा?"

"व्हय."

"थांबलासा?"

"णमोकार म्हटला की," कुंथुनाथ म्हणाले. अर्जाला जोडपत्र लागतं, तसं खोट्यालाही लागतं. कचेरीत शिकलेलं काही वाया जात नाही.

२

निपाणीतल्या केंद्रावर श्रेयांस नावाचा पोरगेला माणूस होता, नात्यातलाच, लांबचा. त्यानं आणि भरमानं खोकं जमिनीवरच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं. लाल आकडे उमटले. सव्वीस किलो चारशे. सव्वीस सातशे. सव्वीस चारशे.

"अण्णा, काटा थांबेना."

"बिघडला असंल."

श्रेयांसनं खोकं उतरवलं आणि तंबाखूच्या डब्यांचं एक पोतं ठेवलं. आकडा जागच्या जागी उभा राहिला. पोतं काढून पुन्हा खोकं ठेवलं. सव्वीस चारशे, सव्वीस सातशे. आकडा सावकाश चढत होता, सावकाश उतरत होता.

"जितं काय ठेवलं की असं होतंय बघा," श्रेयांस म्हणाला. "मागं एकजण कोंबडा घिऊन आलता. हुडूत म्हटलं त्याला. आत काय हाय?"

"देव्हारा."

"मग देव आत बसला असंल आधीच," भरमा म्हणाला, आणि दोघं हसले.

कुंथुनाथही हसले. पंख्याचा वारा लागत असेल, हे त्यांनी मनाशी धरलं. पण पंखा बंद होता. मग त्यांनी व्होल्टेज धरलं. व्होल्टेज ही मोठी सोयीची गोष्ट आहे, निपाणीत तिच्यावर काहीही ढकलता येतं.

श्रेयांसनं मोजपट्टीनं लांबी-रुंदी घेतली आणि मान हलवली. "एवढं मोठं हितं घेत न्हाय, अण्णा. बेळगावला कॅम्पात न्या. थितं घेत्यात."

"काल फोनवर घेतो म्हणालतास की."

"काल माप कुठं बघितलतं?"

अपुऱ्या कागदांचे शेकडो अर्ज कुंथुनाथांनी याच सुरात परत केले होते. खिडकीच्या या बाजूला सूर वेगळा ऐकू येतो, एवढंच.

३

महामार्गाला लागल्यावर भरमा त्याच्या उचगावच्या म्हशीविषयी बोलू लागला. ऊन टेम्पोच्या काचेवर साचून राहिलं होतं. दोन्ही बाजूंना ऊस, मधे एखादा ढाबा, पुन्हा ऊस. पाठीमागच्या छोट्या काचेतून खोकं दिसत होतं.

पाल असेल, कुंथुनाथांनी हिशेब मांडला. इंदूरला जायला पाच दिवस. पाल पाच दिवस पाण्यावाचून जगते का? जगत असावी. पण पालीचं वजन किती, तोळाभर. काटा हलत होता तीनशे ग्रॅमनं. तीनशे ग्रॅमनं हलणारी पाल कसली?

"भरमा, समज, खोक्यात झुरळ राहिलं असंल तर?"

"उघडून बघू की, अण्णा."

"टेप फाडली की पार्सल बाद. दुसरी टेप न्हाय."

"मग जाऊंदे इंदूरला. आपण कुठं गेलाव? झुरळ तरी फिरून यील बिचारं."

म्हशीची गोष्ट पुन्हा सुरू झाली. भरमाचा आवाज शेजारच्या घरात लागलेल्या रेडिओसारखा ऐकू येऊ लागला, आणि कुंथुनाथांना डुलकी लागली. झोपेत काही दिसलं नाही. नुसता पुठ्ठ्याचा रंग दिसला, सगळीकडे, आणि त्यात बरं वाटत होतं. जागे झाले तेव्हा टेम्पो कॅम्पातल्या मोठ्या झाडांखालून चालला होता आणि भरमा म्हणत होता, "...तर ती म्हस अजून थितंच उभी."

कॅम्पातलं केंद्र म्हणजे एका जुन्या बंगल्याच्या बाजूला काढलेला गाळा. काउंटरवर सौम्या नावाची मुलगी होती, बोलायला गोड. तिनं आधी एक कागद पुढं केला. पाकिटात द्रवपदार्थ नाही, स्फोटक नाही, सजीव काही नाही, सबब सही. अशी प्रतिज्ञापत्रं कुंथुनाथांनी आयुष्यभर लोकांकडून लिहून घेतली होती. कुणी वाचू लागलं की 'करा हो सही' म्हणून खेकसले होते. आज त्यांनी ओळ न् ओळ वाचली. 'सजीव काही नाही'पाशी पेन थोडं थांबलं, मग सही झाली.

खोकं काट्यावर चढलं. सव्वीस चारशे. सव्वीस सातशे.

"सर, नंबर थांबेना," सौम्या म्हणाली. "थांबल्याशिवाय मशीन स्लिप देत नाही."

तिघं आकड्याकडं बघत उभे राहिले. गाळ्यात शांत होतं, बाहेर कुठल्याशा शाळेची घंटा झाली. कुंथुनाथ टक लावून बघत होते आणि बघता बघता त्यांच्या ध्यानात आलं, की आकडा चढतो तेव्हा आपली छाती भरते. उतरतो तेव्हा रिकामी होते.

त्यांनी श्वास धरला.

सव्वीस सातशे. आकडा उभा राहिला.

"आला!" सौम्यानं बटण दाबलं. कागदाची पट्टी सरसरत बाहेर आली.

कुंथुनाथांनी श्वास सोडला, आकडा उतरला. घेतला, चढला. योगायोग, त्यांनी स्वतःला सांगितलं. घड्याळाकडं बघत बसलं तरी आपण त्याच्या तालावर श्वास घेऊ लागतो. हे पटण्यासारखं होतं. पुन्हा श्वास धरून बघितला असता तर सिद्धही करता आलं असतं. त्यांनी ते बघितलं नाही. ते बाहेर येऊन झाडाखाली उभे राहिले.

सौम्या पाठोपाठ आली. "सर, वजन झालं, पण इल्ली आगल्ला, इथं होत नाही. एवढं मोठं आमची गाडी उचलत नाही. मच्छेला गोडाउन आहे, तिथं द्या. ही स्लिप दाखवा, काही विचारणार नाहीत."

"तिथं माणसं मोठी असतात का?" कुंथुनाथांनी विचारलं.

"गाडी मोठी असते सर," ती म्हणाली, आणि खोक्याकडं न बघता आत गेली.

४

मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत ते पोचले तेव्हा दीड वाजला होता. गोडाउनच्या फाटकावर भावकू नावाचा म्हातारा रखवालदार खुर्ची टाकून बसला होता.

"साहेब जेवायला गेल्यात. अडीचला या."

"सही-शिक्क्याचं झालंय सगळं. नुसतं आत ठेवायचंय."

"आत साहेब ठेवतील. तुम्ही भाईर ठेवा."

भाईर म्हणजे फाटकाबाहेरची पत्र्याची शेड. खोकं तिथं उतरवलं. भरमा डिझेल भरून, चार घास खाऊन येतो म्हणून टेम्पो घेऊन गेला. भावकूनं खुर्ची उचलून आत नेली आणि फाटक ओढून घेतलं. कारखान्यांची जेवणाची सुट्टी होती, यंत्रं बंद होती. कुंथुनाथ एका दगडावर बसले. समोर खोकं, आणि शेडबाहेर पांढरं, निवांत ऊन.

आता बघायला कुणी नव्हतं.

आत काही नाही हे एकदा कळलं की झालं, त्यांनी विचार केला. संध्याकाळी त्रिशलापुढं बसून जेवता येईल. उशिरा जोडलेलं असलं तरी जोडपत्र ते जोडपत्र. त्यांनी खोक्यावर तीनदा टकटक केली, घसा खाकरला आणि हळूच म्हणाले, "कोण हाय ते बाहेर या."

कान लावला. पुठ्ठा उन्हानं कोमट झाला होता. त्यांनी णमोकार पूर्ण म्हटला. आत काही हललं नाही, खुडबुडलं नाही. कुंथुनाथ स्वतःशीच हसले आणि सरळ होऊ लागले.

टक. टक. टक.

ठोके आतून होते. त्यांनी जिथं ठोकलं तिथं नव्हते. जिथं आत्ता त्यांचा कान होता, बरोबर तिथं होते. मग त्या जागी पुठ्ठा किंचित फुगला, तळहाताएवढा, गोल. कुणी काय टेकवलं की असा फुगवटा येतो हे कुंथुनाथांना विचार करून काढावं लागलं नाही. मागच्या चातुर्मासापासून ते बायकोला पुठ्ठ्याला कान टेकवताना बघत आले होते.

"कोण हाय ते बाहेर या."

आवाज ओळखीचा नव्हता. बाईचा की पुरुषाचा, तेही सांगता आलं नसतं. रोजचं काम करणाऱ्या माणसाचा आवाज होता, घाई नसलेला, थोडा कंटाळलेला.

काहीतरी बोलायला हवं होतं. चौतीस वर्षांच्या सवयीनं 'उद्या या' हे शब्द ओठांपर्यंत आलेही. पण ते गप्प राहिले. गप्प राहिलं की आपण नाहीच असं त्याला वाटेल, आणि ते जाईल. दिवा लागताच भांड्याआड न हलता बसलेलं झुरळ मनात असंच काही धरून बसत असावं, हे त्यांना त्या दगडावर प्रथम उमगलं.

फुगवटा तसाच होता, ऐकत होता. कुंथुनाथांच्या जिभेखाली णमोकार आपोआप चालला होता, आणि तो कुठं संपतो याची त्यांना भीती वाटू लागली. त्यांनी तो सावकाश म्हणायचा प्रयत्न केला. तो आपल्या गतीनं संपला.

फुगवटा सपाट झाला. आणि टेप ओढल्याचा आवाज आला.

लांबलचक, फाडत गेलेला, न तुटता. तो खोक्यातून येत असता तर एक वेळ समजलं असतं. तो गोडाउनच्या मागून सुरू झाला, डोक्यावरून गेला, खानापूर रस्त्याच्या बाजूला उतरला, आणि तिथं कुणीतरी ती तळव्यानं दाबून बसवली.

५

त्यानंतर वारा पडला. शेडच्या कडेला एक कावळा बसला होता. त्याची चोच उघडली, मिटली, आणि आवाज मागाहून आला, जाड, कापडात गुंडाळल्यासारखा. समोरच्या कारखान्यांच्या वर आभाळाची कड तपकिरी दिसत होती, पट्टीनं आखल्यासारखी सरळ. धूळ असेल, कुंथुनाथ म्हणाले. ते मोठ्यानं म्हणाले, आणि आपला आवाज फार लांब न जाता परत आल्यासारखं त्यांना वाटलं. त्यांनी भावकूला हाक मारली. फाटक बंद होतं.

खिशातला फोन वाजला. त्रिशलाबाई होत्या.

"पोचलासा?"

"व्हय."

"घेतलं का पार्सल?"

"अडीचला घेणार हाईत."

"आवाज असा का येतोय तुमचा? कुठं आत बसलासा व्हय?"

"बाहेर हाय," कुंथुनाथ म्हणाले. त्यांनी आभाळाकडं पाहिलं. "उघड्यावरच हाय की."

पलीकडे घरातल्या भिंतघड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. इतकी साधी, इतकी लांबची.

"त्रिशला," ते म्हणाले, "सकाळी मी ठोकलं न्हाय."

कुंथुनाथ फोन घट्ट धरून पुढं बोलत राहिले.

"खोटं बोलल्तो. भरमा बघत होता. लाज वाटली मला. आणि आत कोणतरी हाय."

"कोण हाय?" त्रिशलाबाईंनी विचारलं. काय हाय, असं नाही विचारलं.

"ठाऊक न्हाय."

"फाडा ती टेप."

"आगं, पार्सल बाद हुईल. तिसरी ऑर्डर. दुकान जाईल तुझं."

"जाऊंदे दुकान. कोंडून कोण मेलं तर मी काय करू त्या दुकानाला? फाडा आधी. मी फोन धरत्ये."

एकसष्ट देव्हारे तिनं एका दमात सोडले. कुंथुनाथांना तिच्या पायाशी बसावंसं वाटलं. फोन कानाशी खांद्यानं धरून त्यांनी घराची किल्ली काढली आणि टेपच्या रेघेवर ओढली. छापील नाव मधोमध चिरत गेलं. झाकण दोन बोटं उचललं गेलं.

आतून उजेड आला.

दिव्याचा नव्हता. दुपारचा होता, मोकळा, स्वच्छ. त्याबरोबर गार वारा आला, आणि तो तोंडावर लागल्यावरच कुंथुनाथांना कळलं, की आपण मघापासून किती कमी हवेवर बसलो आहोत. देव्हारा दिसत नव्हता, थर्माकोल दिसत नव्हतं.

"दिसतंय का कोण?" त्रिशलाबाई विचारत होत्या.

फटीतून एक कागद बाहेर येऊ लागला. कोरा, तपकिरी. तो येत राहिला, खोक्यात मावला नसता इतका, आणि जमिनीवर पसरत, सावकाश, दमानं, त्यांच्या पायांकडं सरकू लागला. त्याच्या मागच्या कडेला, उजेडात, बोटांची टोकं दिसली. नखं कापलेली होती, स्वच्छ. बोटांच्या वर बघायला हवं होतं. त्यांनी बघितलं नाही.

"अवो, ऐकताय न्हवं?" फोनमध्ये त्रिशलाबाई समजावून सांगत होत्या, झुरळ बाहेर सोडायची पुष्कळदा केलेली गोष्ट सांगावी तशा. "हातानं धरू नका. कागद पुढं करायचा. मागनं जरासं बोट लावायचं. भ्यालेलं असतंय वो, पहिल्यांदा चढत न्हाय. घाई करायची न्हाय, आपणहून चढूंदे."

कागदाची कड चपलेच्या अंगठ्याला लागली आणि थांबली.

कुंथुनाथांच्या मागं शेडचा पत्रा होता, माणूस उभा राहील एवढीही जागा तिथं नव्हती. टाचेला काहीतरी लागलं, हलकं, गोल, आणि त्यानं अगदी थोडं ढकललं.

"चढलं का?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

कुंथुनाथांनी एक पाय उचलला.